अजमानची शाकारणी

पावसाची आमच्या मामांइतकी जय्यत तयारी करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आणि ही तयारी ते ज्या गावात करत त्या अजमानला मे ते ऑक्टोबर आभाळातून पडलंच तर फक्त ऊन पडतं. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, नात्यानं माझे मामेसासरे. जन्म दाभोळच्या खाडीकाठचा, तिसाव्या वर्षी स्वतःच्या होडीचे तांडेल, आणि पन्नाशीच्या आतबाहेर असताना ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला आखातात आलेले. मी मूळचा सोलापूरचा. पाणी म्हणजे चार दिवसांनी नळाला येतं ते, एवढीच माझी समज. त्यामुळे मामांच्या लेखी मी चांगला मुलगा होतो, पण थोडा कमी शिकलेला. दर शुक्रवारी ते अजमानहून शारजाला आमच्या फ्लॅटवर जेवायला येत, येताना खाडीतला मासा आणत, आणि तो मला कापता येत नाही याचं दर शुक्रवारी नव्यानं आश्चर्य करत. "जावयबापू, तुमच्या सोलापुरात लोक खातात तरी काय?" असं विचारून माझ्या उत्तराची वाट न पाहता ते स्वयंपाकघरात शिरत.

अंगानं बुटके, रंगानं पक्के, आणि चालणं दोन्ही पाय फाकवून, जमीन कधीही कलंडेल अशा बेतानं. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्येसुद्धा ते तसेच उभे राहत आणि लिफ्ट हलली की शेजारच्या माणसाचा दंड धरून त्यालाच धीर देत. घरात आल्यावर पहिलं काम म्हणजे बाल्कनीत जाऊन आभाळ पाहणं. समोर दुसऱ्या इमारतीचे एसी आणि त्यांच्यावर बसलेली कबुतरं, यापलीकडे आमच्या बाल्कनीतून काही दिसत नसे. पण मामा हात डोळ्यांवर धरून बराच वेळ पाहत आणि आत येऊन सांगत, "वारा पालटला." मे महिना उजाडला की ते आल्याआल्या बजावत, "मृगाला पंधरा दिवस राहिले. दहा राहिले." माझी सात वर्षांची मुलगी एकदा म्हणाली, "बट मामाआजोबा, देअर इज नो रेन हिअर." मामांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण अडचणीचा प्रश्न त्यांना कुठल्याही भाषेत कळे. ते तिला म्हणाले, "पाऊस आला नाय तर ती त्याची चूक, बाय. आपण तयार नसलो तर ती आपली."

होडी शाकारणं म्हणजे काय, हे मला मामांमुळे कळलं. कोकणात पावसाच्या तोंडावर होड्या पाण्याबाहेर ओढतात, गोड्या पाण्यानं धुतात, तळाला चिकटलेले शिंपले खरवडतात, लाकडाला काजूच्या टरफलांचं काळंकुट्ट तेल पाजतात, आणि मग वर माडाच्या विणलेल्या झावळ्यांचं, म्हणजे झापांचं, उतरतं छप्पर घालतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मगच होडी पुन्हा पाण्यात. मामा अजमानला ज्या आवारात कामाला होते तिथं खाडीकाठी वीसबावीस बोटी असत, सगळ्या हौशी लोकांच्या, फायबरच्या, पांढऱ्याशुभ्र, मागं दोन दोन इंजिनं. उन्हाळा आला की त्यांचे मालक बायकामुलांसह युरोपात थंड हवा खायला जात आणि बोटी चार महिने काठावर ठेवून जात. त्यांना एवढंच हवं असे की बोट धुवावी, इंजिनातलं खारं पाणी काढावं, बॅटरी सोडवावी आणि वर ताडपत्री टाकावी. मामा हे सगळं करत. पण ताडपत्रीवर त्यांचं मन भरत नसे.

पहिल्याच वर्षी त्यांनी काय केलं, तर आवाराच्या मालकाची स्वतःची बोट शाकारली. माड नव्हते म्हणून खजुराच्या झावळ्या आणल्या, त्यांच्या काट्यांनी दोन्ही हात रक्तबंबाळ करून घेतले, बांबूंचा सांगाडा उभारला, आणि पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जावं असं चांगलं उतारदार छप्पर घातलं. सभोवती चरसुद्धा खणला, पाणी वाहून जायला. मालकाला तिथं सगळे अरबाब म्हणत. अरबाब सप्टेंबरात परत आला तेव्हा आपली लाखमोलाची बोट ठेवली होती तिथं त्याला एक झोपडी दिसली. तो म्हणाला, "ये क्या है? हम इधर बोट रखा, तुम घर बनाया?" मामा म्हणाले, "अरबाब, बारिश का बंदोबस्त है." अरबाबनं आभाळाकडं पाहिलं, चराकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं. "बारिश? इधर?" त्यावर मामांनी जे उत्तर दिलं ते पुढं कित्येक वर्षं अजमानच्या खाडीवर सांगितलं जाई. ते म्हणाले, "मेरे को मालूम है इधर बारिश नहीं आता. लेकिन बोट को किधर मालूम है?"

अरबाबनं त्यांना तेव्हाच नारळ दिला असता, पण त्याचे वडील आड आले. हे म्हातारे नाखुदा, म्हणजे जहाजाचे कप्तान, होते. तरुणपणी शिडाच्या जहाजातून मुंबईला खजूर नेत आणि येताना सागवान आणत. तिथल्या धक्क्यावर शिकलेली हिंदी त्यांना म्हातारपणीही तोंडपाठ होती. युरोपची थंडी सोसत नाही म्हणून ते उन्हाळ्यात कुठंच जात नसत. ते काठी टेकत आले, त्या छपराखाली शिरले, झावळ्यांवरून हात फिरवला आणि तिथंच एका उलट्या बादलीवर बसले. लहानपणी त्यांचं घर असल्याच झावळ्यांचं होतं. तासाभरानं उठताना मुलाला म्हणाले, "ये रहेगा." तेव्हापासून दर उन्हाळ्यात मामा अरबाबची बोट शाकारत, आणि संध्याकाळी म्हातारे नाखुदा तिच्या सावलीत येऊन बसत. दोघं बोलत कशावर, तर पावसावर. एकानं दहा वर्षांत धड पाहिला नव्हता आणि दुसऱ्याला त्याच्याशिवाय करमत नव्हतं.

पौर्णिमेआधी बोट पाण्यात घालायची नाही हा मामांचा दुसरा कायदा. एका वर्षी एक गोरा साहेब उन्हाळ्यात इथंच अडकला आणि जुलैच्या मध्याला बोट मागायला आला. मामा बोटीला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, "फुल मून, साहेब. फर्स्ट फुल मून, देन कोकोनट, देन सी." साहेबाला वाटलं यामागं भरतीओहोटीचं काही मोठं शास्त्र असणार. तो मान डोलावून गेला, आणि पुढच्या वर्षी त्याचे दोन मित्र आधीच येऊन पौर्णिमा कधी ते विचारून गेले. पौर्णिमेला मामा चॉकलेटच्या डब्यातला सोनेरी कागद जपून ठेवून त्यात नारळ गुंडाळत आणि मला अजमानला नेऊन तो खाडीत सोडत. एका वर्षी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस आली, माझी बायकामुलंही गावाहून परतली होती, आणि सोडलेला नारळ भरतीबरोबर परत आला. मामांनी पुन्हा टाकला, तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा तो त्यांच्या पायाशी येऊन थांबला तेव्हा माझी मुलं टाळ्या वाजवत होती. मामांनी नारळ उचलला, कागद काढला, पंच्यानं पुसला आणि म्हणाले, "याची काय चूक नाय, जावयबापू. हा तिकडचा आहे. तिकडंच जाऊन टाकायला पाहिजे." घरी येऊन बायकोनं त्या नारळाचा भात केला. मामांनी तो खाल्ला नाही.

आमचं घरही त्यांच्या शाकारणीतून सुटलं नाही. आखातात मे संपला की बायकामुलं भारतात जातात आणि सगळ्या इमारती नुसत्या नवऱ्यांच्या होतात. आमचीही जात. बायकोचं विमान असे त्याच्या आदल्या शुक्रवारी मामा दोरखंड घेऊन येत. सोफ्यावर चादरी, गाद्या गुंडाळून कपाटावर, मुलांच्या सायकली उलट्या करून साखळ्यांना तेल, फ्रिजला दोन वेढे आणि एक गाठ. "मामा, मी इथंच राहणार आहे हो. फ्रिज मला लागेल," असं मी म्हणे. ते गाठ आवळत सांगत, "तुम्ही राहणार, जावयबापू, पण घर कुठं राहणार आहे?" मी बायकोसमोर हसून म्हणे की तीन महिने आता आपलंच राज्य. आणि ती गेल्यावर पहिल्याच दिवशी त्या गाठीशी अर्धा तास झटापट करून, हरून, सुरी आणून दोर कापे. उघडलेल्या फ्रिजमध्ये तिनं माझ्यासाठी डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असत, सोमवार, मंगळवार. मुलांचं अर्धं खाल्लेलं चॉकलेट असे. ते मी तीन महिने तसंच ठेवी, का ते सांगता येत नाही.

आता मामांच्या स्वतःच्या होडीचं सांगतो, कारण या माणसाचा जीव तिच्यात होता. अस्सल सागाची होडी. आखातात निघाले तेव्हा ऐन वैशाख होता. त्यांनी तिला खळ्याच्या कडेला ओढली, तेल पाजलं, झाप घातले आणि मामींना सांगितलं, "दोन पावसाळे. तिसऱ्या पौर्णिमेला मी नारळ टाकतो." तोवर होडीला कुणी हात लावायचा नाही, धाकट्या भावानंसुद्धा नाही. पण आवाराचं वेळापत्रक असं की मामांना सुट्टी मिळे ती दोन वर्षांतून एकदा, जूनच्या अखेरीपासून महिनाभर, जेव्हा सगळ्या बोटी झाकून झालेल्या असत. ऑगस्टमध्ये पुन्हा रंगरंगोटी सुरू, म्हणजे पौर्णिमेच्या आठ-दहा दिवस आधी हजर व्हायलाच हवं. दोनदा ते असे गेले. दोन्ही वेळा समुद्र बंद, होडी झाकलेली, आणि मामा महिनाभर तिच्या छपराखाली मामींनी दिलेला चहा पीत बसलेले. दुसऱ्या खेपेला परत आले तेव्हा शुक्रवारी जेवताना म्हणाले, "आता असं जायचं नाय. जाईन तर नारळ टाकायला जाईन. पाण्यात घालता येत नसेल तर नुसतं तोंड कशाला दाखवायचं तिला?" बायकोनं विचारलं, "मामा, तिला म्हणजे होडीला का मामीला?" मामा भात कालवत राहिले. त्यानंतर सुट्टी आली की ते एकच विचारत, पौर्णिमा धरून मिळेल का. अरबाब म्हणे, "इन्शाल्ला," आणि मामा घरी न जाता आणखी एक उन्हाळा दुसऱ्यांच्या बोटी झाकत.

मामींशी त्यांचा सगळा संसार मग कॅसेटवर चाले. गावात फोन एकच, तोही पोस्टमास्तरांच्या घरी, त्यामुळे आखातातली माणसं तेव्हा कॅसेटवर बोलत आणि गावाकडं जाणाऱ्याच्या हाती ती पाठवत. मामा त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून येत, आमच्या टू-इन-वन टेपरेकॉर्डरसमोर ताठ बसत आणि घसा साफ करून सुरू करत, "हां. मी बोलतोय. आधी नाळेकडचे झाप काढ." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अठ्ठावन्न मिनिटं होडी असे आणि दोन मिनिटं मामी. माझी बायको खुणेनं सांगे की मामीची तब्येत तरी विचारा, तेव्हा बंद केलेलं बटण पुन्हा दाबून ते म्हणत, "तब्येत सांभाळ. शिडीवर स्वतः चढू नको." या कॅसेटचा कळस म्हणजे शेवटची सूचना. मामींनी होडीच्या फळ्यांवर बोटाच्या पेरानं ठोकून त्याचा आवाज भरून पाठवायचा. नाळेपासून सुरुवात, उजव्या अंगाच्या आठ, डाव्या अंगाच्या आठ. लाकडाला आतून कीड लागली की आवाज भद्द येतो, आणि तो आपल्याला दीड हजार मैलांवरून कळतो असं मामांचं म्हणणं होतं.

दोन-तीन महिन्यांनी मामींची कॅसेट येई. एका बाजूला सगळ्या भावकीची खुशाली, लग्नं, बारशी. ती बाजू मामा पंखा पुसत, कांदे निवडत ऐकत. दुसरी बाजू लागली की सगळ्यांनी गप्प. "ही पहिली," मामींचा बारीक आवाज येई, मग टक, टक, टक. "ही दुसरी." टक, टक, टक. मागं कोंबड्या, कधी कौलांवर पाऊस. मामा डोळे मिटून स्वतःच्या गुडघ्यावर तसेच ठोके देत. मध्येच म्हणत, "थांबवा. मागं घ्या. पाचवीला तेल कमी पडलंय." ते पुढच्या कॅसेटमध्ये मामींना कळवलं जाई आणि त्याच्या पुढच्या कॅसेटमध्ये मामी सांगत, "पाचवीला तेल दिलं. दोनदा दिलं. हात काळे झाले माझे." ठोक्यांबरोबर काहीतरी बारीक किणकिणत असे. मी एकदा विचारलं, "मामा, हे काय वाजतंय?" ते डोळे न उघडता म्हणाले, "नांगराची साखळी." मी सोलापूरचा माणूस. मला नांगर शेतातला माहीत, त्याला साखळी असते हेच मला नवीन होतं. अशी पाच वर्षं आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी फळ्या मोजत आलो.

मग तो जुलै आला. माझी माणसं सोलापुरात होती आणि शुक्रवारी घरात बसवेना, म्हणून मीच अजमानला गेलो होतो. संध्याकाळची वेळ, अंगातून घामाच्या धारा, अरबाबच्या बोटीवरच्या झावळ्यांच्या सावलीत आम्ही तिघं: बादलीवर म्हातारे नाखुदा, खाली मामा आणि मी. कुणीतरी आदल्याच दिवशी गावाहून कॅसेट आणली होती. मामांनी हातातल्या छोट्या टेपवर ती लावली आणि नाखुदांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, "बाबा, मेरा बोट. सुनो." ही पहिली. टक, टक, टक. ही दुसरी. नाखुदांनी काठी आडवी ठेवली आणि कान पुढं केला. सागवान या माणसानं जन्मभर वाजवून घेतलेलं. चौथ्या फळीला त्यांनी हात वर केला.

"ये सागवान नहीं है," ते म्हणाले. टेप चालूच होता. "ये बोट भी नहीं है. ये घर का दरवाजा है. कडी बजता है, सुनो."

मी हसून त्यांना नांगराच्या साखळीचं सांगणार होतो. तेवढ्यात माझं लक्ष मामांकडं गेलं. ते खाली मान घालून दोराच्या टोकाचे पीळ सोडवत बसले होते. मग म्हणाले, "मालूम है, बाबा. पाँच साल से मालूम है."

टेपवर मामी मोजत होत्या, सहावी, सातवी. नाखुदांनी कान टेपजवळ नेला. मग म्हणाले, "कौन ठोकता है?" मामा म्हणाले, "मेरी औरत." आठवी फळी झाली, डावं अंग सुरू झालं, आणि नाखुदा काठी शोधू लागले. मी काठी हातात दिली. ते तसेच उठून मुलाच्या कचेरीत गेले. अरबाब त्या वर्षी युरोपला उशिरा जायचा होता. आतून अरबीत बोलण्याचा आवाज येत होता. अरबाबचं म्हणणं मागाहून कळलं, की ऑगस्टमध्ये बावीस बोटींचं काम आहे, माणूस कसा सोडू. नाखुदांचं एकच वाक्य आम्हाला कळलं, कारण ते त्यांनी आम्हाला ऐकू जावं म्हणून हिंदीत म्हटलं. "बोट रुकेगा. फुल मून के पहले इसको घर भेजो. खलास."

मामांना विमानतळावर सोडायला मी टॅक्सीनं गेलो. पुढं सगळं कळलं ते असं. मामा शेवटचं घरी जाऊन आले त्याच्या पुढच्याच पावसात खळ्याकडेचा जुना आंबा कोसळला तो नेमका होडीवर. एकही फळी धड राहिली नाही. मामींनी ते तुकडे तीन दिवस पाहिले आणि मग दिराकडून वखारीत पाठवून दिले. होडी नाही हे कळलं तर हा माणूस कशासाठी परत येईल, ही त्यांची भीती. होडी आहे तोवर पौर्णिमा आहे, आणि पौर्णिमा आहे तोवर तो येणार आहे. म्हणून त्या घराच्या दारावर ठोकत होत्या, उजवीकडं आठ, डावीकडं आठ. मामांनी पहिल्याच कॅसेटला ओळखलं होतं. "फणसाचं दार आहे ते, माझ्या बापानं केलेलं," ते मला टॅक्सीत म्हणाले. "साग आणि फणस मला कळणार नाय?"

मी म्हणालो, "मामा, मग पाच वर्षं बोलला का नाहीत? वर पाचव्या फळीला तेल कमी म्हणून सांगत राहिलात."

ते म्हणाले, "काय बोलणार? होडी गेली हे मला कळलंय असं बोललो असतो तर ती ठोकायची थांबली असती." पुढं म्हणाले, "दिवसभर त्या आवारात दुसऱ्याच्या बोटी झाकायच्या, जावयबापू. माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी वाजवतंय, तेवढंच होतं."

विमानतळावर त्यांची बॅग उचलली तर हात खांद्यातून निघायची वेळ आली. आत बोटीच्या लाकडाला लावायच्या भारी रोगणाचा मोठा डबा होता, तीन लुंग्यांत गुंडाळलेला. "मामा, हे विमानात चालत नाही," मी म्हणालो. "आणि आता होडी कुठं आहे?" मामा म्हणाले, "वास आला तर लोणचं म्हणून सांगेन." मग बॅग माझ्या हातातून घेऊन ते पाय फाकवून रांगेत उभे राहिले आणि मान वळवून म्हणाले, "दाराला लावतो. पाच वर्षं मार खाल्लाय त्यानं."

मामा परत आले नाहीत. अरबाबनं महिनाभर वाट पाहिली, मग दुसरा माणूस ठेवला. तो बोटींवर ताडपत्र्या टाकतो. म्हातारे नाखुदा पुढच्या उन्हाळ्यात एकदोनदा आले, सावली शोधली आणि परत गेले, असं कुणीतरी सांगितलं. मामींचा माझ्या बायकोला निरोप आला, की पौर्णिमेला दोघांनी मिळून खाडीवर जाऊन नारळ टाकला, तो परत आला नाही. आणि दाराला तीन हात रोगण दिलंय, आता आलागेला माणूस ठोकायच्या आधी त्यात केस नीट करतो.

आता मे संपत आला की मीच बायकोसमोर फ्रिजला दोर बांधतो. मामांची गाठ मला जमत नाही, साधी फुलगाठ मारतो, पण बांधतो. बायकामुलं विमानात बसली की घरी येऊन मी ती गाठ लगेच सोडत नाही. मामांची एक कॅसेट आमच्याकडं राहून गेली आहे, ती शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर लावतो. ही पहिली. टक, टक, टक. ही दुसरी. मला साग कळत नाही आणि फणसही कळत नाही. सगळं घर चादरींखाली झाकलेलं असतं, एसीचा आवाज असतो, आणि त्यात कुठंतरी ते ठोके पडत राहतात. खोटं कशाला सांगू, दोनदा मी उठून दार उघडून पाहिलं आहे.